रेश्माला ऐकू आलेलं कौतुक

उपासमारीचा तान्ह्या बाळांच्या मेंदूवर काय परिणाम होतो, यावर माझी पीएचडी चालू आहे, हे तुम्हाला माहीतच आहे.

आज मुखेडजवळच्या एका गावात रेश्माच्या लेकीच्या डोक्याला तारांची टोपी लावून नोंद घेतली. या दुष्काळात रेश्मा दिवसभर पाण्यासाठी हिंडते. अंगावरचं दूध आटलंय.

मेंदूची वाढ मागे पडल्याचं नोंदीत दिसत होतं. मी पाठवलेली नोंद पाहून गाइड सर फोनवर खुशीत म्हणाले, "फारच छान. असंच बाळ हवं होतं आपल्याला."

स्पीकर चालू होता. रेश्मा हसली. "डोकं चांगलं हाय म्हणा की माझ्या पोरीचं."

मी हो म्हणाले. तिनं घागरीत उरलेल्या पाण्याचा चहा केला. मी तो प्यायलेही.

तिला खरं कधी सांगू? आणि सांगून देऊ काय?