आरुषीचा न मोजलेला सिक्सर

आरुषीच्या गुडघ्याने यंदा हात टेकले. फिजिओ म्हणाली, हा सीझन संपला की बास. म्हणजे शेवटच्या मॅचला काय ते. एक होमरन, म्हणजे कुंपणापार फटका, मारला की इकडे परदेशात, मनुरेवाच्या तिच्या सॉफ्टबॉल क्लबात सगळ्यात जास्त होमरन तिच्या नावावर लागणार. नाही मारला तर क्लबातल्या जुन्या खेळाडू आँटी नायरींच्या बरोबरीने नाव राहणार, आणि कायमचंच राहणार.

ही गोष्ट इथल्या आपल्या मराठी लोकांत पसरली मात्र, ज्याला त्याला मत फुटलं. बुद्धजयंतीच्या जेवणात पुरुषमंडळी ताट हातात धरून वाद घालत होती की हिला जमेल का. एक म्हणे वय झालं, दुसरा म्हणे बायकांच्या मनगटात तेवढा जोर राहत नाही. ज्यांचा खेळ कॅरमच्या पुढे कधी गेला नाही, ते मनगटावर बोलत होते. आरुषी तिथंच उभी राहून मुलांना भात वाढत होती. तिने त्या पुरुषांतल्या एकाच्या ताटात भाताचा डाव असा आपटला की आमटी त्याच्या शर्टावर गेली. सॉरी म्हणाली, पण चेहरा काही सॉरीचा नव्हता.

ती खडकीची. वडील फॅक्टरीत होते, क्वार्टर्सच्या मैदानात मुलांबरोबर क्रिकेट खेळून मोठी झाली. इथे पावसाच्या पाण्याची गटारं आखायची इंजिनिअर म्हणून आली. ऑफिसातल्या एकीने एका शनिवारी सॉफ्टबॉलला ओढून नेलं. बॅट गोल, बॉल मोठा, आणि जमिनीवर चार गाद्या मांडलेल्या. मारून सगळ्या गाद्यांना पाय लावून परत आलं की रन. पोरीने तिसराच बॉल कुंपणापार भिरकावला.

आणि उभी राहिली. बॅट वर केली, नवऱ्याला, सुगतला, दाखवली, आणि बाकावर जाऊन पाणी प्यायला लागली. सगळं मैदान ‘रन, रन’ ओरडत होतं; हिला वाटलं, कौतुक चाललंय. खडकीत सिक्स मारल्यावर कोण धावतं? अंपायरने तिला आउट दिली. बॉल कुंपणापार गेला तरी गाद्यांना पाय लावावाच लागतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो होमरन काही मोजला गेला नाही. त्यानंतर तिने एकही गादी कधी सोडली नाही, पण त्या एकाची सल तिच्यापेक्षा तिच्या सासूला, कमलाबाईंना जास्त. त्या दर शनिवारी घडीची खुर्ची, चहाचा थर्मास घेऊन यायच्या. शेजारी आँटी नायरी. एकीला इंग्रजी बेताचं, दुसरीला मराठी शून्य, पण चहा एकाच थर्मासातला.

शेवटची मॅच फ्लॅट बुशच्या टीमशी. त्यांची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, आपलीच ऋग्वेदा. इथेच जन्मलेली, आता नर्स आहे. लहानपणी आईबाप कामावर असले की कमलाबाईंच्याच हातचं जेवायची. आरुषी बॅट घेऊन उभी राहिली, तर ऋग्वेदाने नुसता हात वर केला. झालं. त्यांच्या नियमात असं आहे की पिचरने हात वर केला की समोरच्याला न खेळवताच पहिल्या गादीवर पाठवून द्यायचं. मारायची भीती असली की करतात असं.

एकदा समजू शकतं. पण दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. तोवर फ्लॅट बुशवाले एवढे पुढे होते की आरुषीने दोन होमरन मारले असते तरी काही बिघडलं नसतं. जिंकायसाठी नव्हतंच ते. आपल्या बॉलिंगवर रेकॉर्ड झालं असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यांच्या कोचने सांगून ठेवलं होतं. आँटी नायरी उठून त्या कोचकडे गेल्या आणि म्हणाल्या की माझं नाव कुणी असं राखून द्यायची गरज नाही, मी ते मारून मिळवलंय. कोच च्युइंगगम चघळत आकाशाकडे बघत राहिला.

मध्ये ऋग्वेदा सवयीने थर्मासापाशी आली. कमलाबाईंनी कप पुढे केला नाही.

“हात वर करायला पिचर कशाला लागते गं?” त्या म्हणाल्या. “शाळेत पोरं पाणी प्यायला जाताना करतातच की.”

“इट्स जस्ट टॅक्टिक्स, आजी.”

“मला ते कळत नाही. चहा मात्र खेळणाऱ्यांसाठी आहे.”

पोर खाली मान घालून वळली, तर समोर आरुषी. ऋग्वेदाचे कान लाल झाले होते.

“मला आउट कर,” आरुषी म्हणाली. “तीन बॉलांत आउट कर, मी तुला मिठी मारून घरी जाईन. पण एवढी वर्षं खेळून मला न खेळता घरी पाठवू नकोस.”

ऋग्वेदा ग्लोव्ह चढवून मैदानात गेली.

शेवटची पाळी आली. कोच तिकडून हात वर कर, हात वर कर म्हणून खुणा करतोय. ऋग्वेदाने त्याच्याकडे पाठ केली आणि बॉल टाकला. चांगला जोरात टाकला, दया-माया काही नाही. आरुषीचा पहिला हुकला. दुसराही हुकला. तिसऱ्याचा आवाज मैदानभर घुमला, आणि बॉल कुंपणापलीकडच्या हराकेकेच्या, म्हणजे इथल्या लांब पात्यांच्या, झुडपांत जाऊन पडला.

आरुषी तिथंच उभी. गुडघा वळेना, की काय झालं ते उमजेना, कोण जाणे. तेवढ्यात कमलाबाई खुर्चीवरून उठून मैदानाच्या रेघेपर्यंत आल्या.

“पाणी नंतर पी,” त्या ओरडल्या. “आधी धाव!”

धावली कसली, लंगडत गेली. पण चारी गाद्यांवर असा पाय दाबला की जणू खिळे ठोकतेय. मॅच आरुषीची टीम हरलीच, भरपूर हरली. कमलाबाईंनी ऋग्वेदाला चहा दिला, वर बिस्किटंही दिली.

पुढच्या आठवड्यात क्लबातल्या लाकडी पाटीवर आरुषीचं नाव, होमरनच्या आकड्यासकट, आँटी नायरींच्या वर लागलं. पेंटरचा रंग ओला होता. सगळे टाळ्या वाजवताहेत, आणि कमलाबाई चष्मा सरसावून पुढे झाल्या. सुगतला म्हणाल्या, “यांना सांग, एक कमी लिहिलाय.”

“आई, तो आउट होता,” आरुषी म्हणाली.

“कुंपणापार गेला होता की नाही?”

“गेला होता.”

“मग?”

सुगतने मान खाली घालून इंग्रजीत सांगितलं. आँटी नायरींनी सगळं ऐकून घेतलं, पाटीकडे बघितलं, आणि पेंटरला विचारलं की ब्रश धुतलास की अजून धुवायचाय.

ब्रश धुतलेला होता. कमलाबाईंचा राग त्या दिवसापासून पेंटरवर आहे.