आमच्या तळ्याचा पाणकर

पोटात गोष्ट न राहणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, पण माझ्या चुलतभावाच्या पोटाला मुळात तळच नव्हता. तो माझ्याहून दोन महिन्यांनी लहान. एकाच गल्लीत वाढलो, एकाच बाकावर बसलो आणि त्याच्यापायी मी जितका मार खाल्ला तितका स्वतःच्या करणीनं कधी खाल्ला नाही. पंधराव्या वर्षी त्याच्या मनात आलं की ते तोंडात आलंच, आणि तोंडात नाही आलं तर हातात. माझ्या बहिणीला पाहायला पाहुणे आले होते. पोह्यांची तारीफ चालू होती, आई खुशीत होती, आणि हा दारातून म्हणाला, "ताईनं कुठं केले जी? ताईले कांदा कापता येत नाई, आजवरी." पाहुण्यांतले आजोबा हसले म्हणून सोयरीक टिकली, नाहीतर त्या दिवशी बाबांनी त्याला तळ्यातच बुडवलं असतं. त्या तळ्याचंही तेच. भर भादव्यात, तळं काठोकाठ भरलेलं असताना, यानं तुडुमाचा, म्हणजे तळ्याच्या पाळीतून, त्या मातीच्या बांधातून, पाणी सोडायच्या मोरीचा, लाकडी गुज्जा उपटला. अर्धा गाव धावला. काकांनी कान धरून विचारलं, "काऊन उपटला बे?" तर हा शांतपणे म्हणतो, "पाहून राहिलो होतो, निघते का नाई त."

पण डोकं! असं डोकं मी पस्तीस वर्षं मास्तरकी करून पुन्हा पाहिलं नाही. कोणाच्या लग्नात कोणत्या पंगतीला कोण बसलं होतं, वरण कोण वाढत होतं, सगळं पाठ. आमच्या गावात तळ्याचं पाणी धानाला पाळीपाळीनं मिळतं, आणि आमचा रिवाज असा की पाणी खालून वर द्यायचं. तळ्यापासून सगळ्यात लांबची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं वावर, पहिली; तळ्याला लागून असलेली शेवटची. त्यामुळे दांडगे लोक मधेच पाणी वळवू शकत नाहीत. हा सगळा क्रम पाणी वाटणाऱ्या म्हाताऱ्या पाणकराच्या डोक्यात असायचा, कागदावर कधीच नव्हता. हा पोरगा दोन हंगाम त्याच्या मागं फिरला आणि अख्ख्या गावाच्या बांध्या ओळीनं म्हणायला लागला. कोणाला सावली कुठवर येईस्तोवर पाणी द्यायचं, तेसुद्धा. मी तेव्हा एक कविता पाठ करायला आठवडा लावत होतो, आणि त्याच्या तोंडाकडं पाहून मला अस्सा राग यायचा!

म्हातारा गेल्यावर पाणकरकी यालाच आली, कारण दुसऱ्या कोणाला क्रम येतच नव्हता. तेव्हा हा तिशीत होता. आता पाणकराचं काम म्हणजे दिवसभर फावडं खांद्यावर घेऊन शिव्या खायचं काम. धान पोटरीला आला की साधी माणसंसुद्धा वाघ होतात. पहिल्या वर्षी यानं रोज तीन भांडणं केली. मी सुटीत घरी आलो की त्याला समोर बसवून झाडायचो, "तोंड आवर. गोष्ट पोटात ठेवाले शिक. किती दिवस पंधरा वर्षांचा राहशील?" माझ्या बोलण्यानं काही झालं नाही. इलाज त्याच्या बायकोनं, आमच्या वहिनीनं, काढला. तिनं सांगितलं, कोणी शिव्या द्यायला लागलं की तोंडात घोटभर पाणी घ्यायचं आणि तो माणूस जाईस्तोवर गिळायचं नाही. मग काय विचारता! आमचा पाणकर गाल फुगवून बांधावर उभा आणि समोरचा घसा बसेस्तोवर ओरडतोय, असं दृश्य वर्षानुवर्षं पाहायला मिळालं. चाळिशीला आला तेव्हा पाण्याचीही गरज उरली नाही. शाळेत मी हेच पाहत आलो होतो. पंधराव्या वर्षी पोरांना सगळं आठवतं आणि काहीच आवरत नाही. आवरायला शिकायला पुढची दहा-पंधरा वर्षं जातात. याला जरा जास्त लागली, एवढंच. उशिरा का होईना, गडी पिकला असं मी म्हणायचो.

गेल्या दोन-तीन वर्षांत तर तो इतका शांत झाला की मला त्याचं कौतुक कुठं ठेवू आणि कुठं नको असं झालं. कोणी भेटलं की हसायचा, मान हलवायचा, "हो, बराबर आहे" म्हणायचा. समोरच्याला आधी पूर्ण बोलू द्यायचा. कोणाचं नाव घ्यायचा नाही, सगळ्यांना "का गा भाऊ" आणि "काय वो बाई". गावातली माणसं म्हणायची, बघा कसा पोक्त झाला. मी रिटायर होऊन गावी परतलो त्या वर्षी ग्रामसभेत उठून चांगलं पाऊण तास बोललो, संयम कसा असावा यावर, आणि उदाहरण म्हणून त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंही वाजवल्या.

मग हा मागचा हंगाम आला. पाऊस लवकर गेला, तळ्यात पाणी कमी, धान निसवलेला. पहिली पाळी खालच्या टोकाच्या भुराबाईची. म्हातारी एकटी बाई, वर्षाचं खाणं त्याच बांधीवर. सकाळी ती पाहते तर बांधीला भेगा आणि पाणी भलतीकडं धावतंय. भुराबाईच्या पलीकडं रस्त्याला लागून एक सिमेंटचं दुकान आहे. तिथं वीस-बावीस वर्षांमागं लखाराम नावाच्या माणसाची बांधी होती. लखाराम मेला, पोरांनी जागा विकली. आमच्या पाणकरानं बुजलेला जुना पाट फावड्यानं उकरून तळ्याचं सगळं पाणी त्या दुकानात सोडलं होतं. पोत्यांचे दगड झाले. दुकानदार गोंदियाचा, "अरे भैया, ये क्या कर दिया" म्हणत नुसता फिरत होता, आणि भुराबाई छाती पिटत होती, "अगा, माहा धान वाळून गेला, आन् तू सिमेंटले पाणी देऊन राहिला?" हा मधोमध उभा, फावड्यावर हात ठेवून, चेहऱ्यावर तीच पोक्त शांतता. म्हणाला, "लखारामची बांधी होय. खालून पहिली." मला वाटलं, थट्टा करतो आहे. मग त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

वहिनीला ठाऊक होतं. ती म्हणाली, "तीन वर्सं झाले, भाऊजी. रस्ता चुकते, नावं भुलते. मले शपथ घातली होती, कोणाले सांगू नको म्हणून." म्हणजे ज्याला आम्ही संयम समजत होतो ते निव्वळ लपवणं होतं. समोर कोण उभं आहे हे आठवत नाही म्हणून माणूस हसतो, आणि आम्ही टाळ्या वाजवतो! मी त्याच्यावर ओरडलो, आयुष्यभराची सवय माझी, "मले काऊन नाई सांगतलं बे?" तो म्हणाला, "तूच त म्हणे, पोटात ठेवाले शिक." रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

भुराबाईचा धान गेला तो गेलाच. नागपूरला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. तळ्याच्या कमिटीनं फावडं दुसऱ्याला दिलं, पण फावडं देऊन काय होतं? क्रम तर याच्याच डोक्यात. मी हट्टानं म्हणालो, मी काढून घेतो. मोठी वही आणली, रोज सकाळी त्याच्या ओसरीवर बसायला लागलो. विचारलं की तो डोळे मिटून घडाघडा म्हणायचा, एक नाव चुकत नाही, एक बांधी गाळत नाही. सगळी नावं आम्ही पंधरा वर्षांचे होतो तेव्हाची. त्यानंतर जमिनी वाटल्या गेल्या, विकल्या गेल्या, पाट फिरले, ते सगळं डोक्यातून पुसून गेलं आहे. नवं काही विचारलं की तो गोंधळतो, कपाळाला घाम येतो. महिनाभर बसलो. आजचा क्रम निघाला नाही आणि आता निघणार नाही. यंदा गावानं पाणी भांडून घेतलं, दोन डोकी फुटली.

सुरुवातीला मी मास्तरासारखा त्याला दुरुस्त करायचो. तो नाव घेई, मी म्हणे, "मेला तो." मग तो दचकून विचारी, "कधी? मले कोणीच काऊन नाई सांगतलं?" त्याच्या बापाच्या नावाशीसुद्धा मी असाच बोलून गेलो. काका जाऊन अठरा वर्षं झाली. तो ओसरीवर लहान पोरासारखा मोठ्यानं रडला, आवरणं-बिवरणं सगळं विसरून, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच नावाशी येऊन थांबला, काका कुठं गेले म्हणून इकडंतिकडं पाहत. त्या दिवसापासून मी दुरुस्त करणं सोडलं. नावं नुसती लिहीत राहतो. वहीचा कोणाला उपयोग नाही, मलाही ठाऊक आहे.

परवा म्हणता म्हणता तो मधेच थांबला आणि त्यानं मला विचारलं, "मोठेबाबाच्या बांधीले पाणी पोचलं का?" मोठेबाबा म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

"पोचलं," मी म्हणालो.

"मंग इथं कायले बसून राहिला? जाऊन सांग ना त्याहिले. सकाळपासून तळ्याच्या पाळीवर वाट पाहून राहिले असन."

मी वही मिटली, चपला घातल्या. साठीला आलेला माणूस मी, अख्ख्या गावाला शहाणपण शिकवणारा. तरी पाळीपर्यंत जाऊन पाहून आलो.