शेपटीच्या नळीत न ओतलेलं तेल

"साब, तुमचं विमान गळून राहिलं," गफूरभाई म्हणाले.

गफूरभाई आमच्या नांदेडच्या धावपट्टीचे चौकीदार, मी विमानाचा इंजिनिअर. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या लातूर जिल्ह्याचे एक साहेब आमच्या दोन सीटच्या विमानातून आटलेले तलाव बघायला जाणार होते.

"माणसाला प्यायला पाणी न्हाई गफूरभाई, विमान कुठून गळंल?"

"हाव, म्हणून तर बोलवून राहिलो."

शेपटीखालच्या कापडावर रुपयाएवढा तांबूस डाग होता. बोट लावलं. ओला.

आमचं विमान म्हणजे पोलादी नळ्या वेल्डिंगने जोडलेला सांगाडा आणि वरून ताणलेलं कापड. नळीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. बाहेरून रंग देता येतो. आतून काय करणार? तर नळीला बारीक भोक पाडायचं, गरम जवसाचं तेल ओतायचं, सांगाडा उलटापालटा करून ते सगळीकडे फिरवायचं, उरलेलं निथळू द्यायचं आणि भोकात स्क्रू बसवायचा. आत तेलाची पातळ साय धरते. मग दमट हवा लोखंडाला शिवत नाही.

ही नळी वर्षापूर्वी मीच बदलली होती. भोक पाडलं. तेल ओतलं नाही. लातूरच्या घाण्यावरून आणलेला तेलाचा डबा घरी नेला. गावाकडची माणसं दुष्काळाने आमच्याकडे राहायला आलेली. दोन महिने भाकरीवर त्याच तेलाची धार होती. भोकाला मेण लावलं, इन्स्पेक्शन कार्डावर 'ऑइल्ड अँड सील्ड' लिहिलं आणि सही केली. मनाची समजूत घातली, की पावसाचा थेंब नाही, गंज कशाने चढणार?

पण मग हे पाणी आलं कुठून? भीती होतीच, तरी कोडं सुटल्याशिवाय राहवेना. शेपटीखाली आडवा झालो, तर डोकं पिंपावर आपटलं.

टँकरचं पाणी चोरीला जायचं म्हणून सहा पिंपं मीच हँगरमध्ये, विमानाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कुलपात ठेवायला लावली होती. शेपटीखाली, कारण तिथे सावली जास्त. दिवसा पत्रे तापत, पाण्याची वाफ बंद हँगरमध्ये कोंडून राही. उन्हाने मेण कधीच वितळून गेलेलं. दिवसा तापलेल्या नळीतली हवा भोकातून बाहेर, पहाटे गार झाली की दमट हवा आत. तिचंच आत पाणी होई. जमिनीवर उभ्या विमानाचा शेपटी हा सगळ्यात खालचा भाग, तिथेच ते साचत गेलं. साऱ्या मुलुखात जे पाणी नव्हतं, ते मी नेमकं पोलादाशेजारी नेऊन ठेवलं होतं.

तेवढ्यात आमचे पायलट आले. "काय हो, विमानाच्या बुडाशी काय हुडकून राहिलात?"

"कापड कापावं लागेल, कॅप्टनसाहेब."

"आज? उद्या साहेब यायलेत!"

"म्हणूनच."

कापड कापलं. नळीवर पंच, म्हणजे टोकदार पोलादी कांडी, लावून हातोडीने हलकं ठोकलं. चांगली नळी टण् वाजते. ही थप्प वाजली. जरा खाली सरकून ठोकलं, तर पंच आत गेला आणि तांबडा चिखल बाहेर आला.

कॅप्टननी वाकून त्या भोकात बोट घातलं. "ह्यात बसवून नेणार होतो मी त्यांना. सापडलं कसं तुम्हाला?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "शंका आली."

साहेब जीपने गेले. नळी बदलली, या वेळी तेल ओतून. महिन्याभरात हेड ऑफिसातून दोन कागद आले. मला दक्षतेबद्दल शाबासकी. गफूरभाईंना मेमो, विमानाखाली पाणी साठवल्याबद्दल.

पिंपं तिथे मीच ठेवायला लावली, हे मी हेड ऑफिसला कळवलं नाही. गफूरभाई मेमो घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "जाऊ द्या साब. जमिनीवर हाय न्हवं विमान?"

त्यानंतर तेल निथळताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी एकाही कार्डावर सही केली नाही. तो मेमो मात्र गफूरभाईंच्या फाइलमध्ये ते निवृत्त होईपर्यंत होता.