सरोवराकाठची बाराची घंटा

माझ्या पासपोर्टवर टांझानियाचा शिक्का आहे, हे आमच्या माणिकपूरच्या सोसायटीत अजून कोणाला खरं वाटत नाही. ज्या माणसाला रेल्वे ओलांडून वसई पूर्वेला जायचं तरी दोन दिवस मनाची तयारी लागते, तो आफ्रिकेत कशाला जाईल? याचं उत्तर माझी धाकटी बहीण कार्मेल.

कार्मेलची मुलगी ग्रेसी आधी नर्स झाली, मग सिस्टर झाली आणि तिच्या संस्थेने पहिलीच नेमणूक केली ती टांझानियातल्या एका सरोवराकाठच्या दवाखान्यात. मठाच्या नियमात मामाला जागा नव्हती. कार्मेलने मदर सुपीरियरकडे तीन खेपा घालून ती करून घेतली. "आठ दिवस राहायचं, पोरीला रुळलेली बघायचं आणि यायचं," असं ठरलं. निघायच्या दिवशी भुईगावला तिच्या घरी सगळे आशीर्वाद देत असताना कार्मेलने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हातात एक पाकीट कोंबलं. ग्रेसीचं परतीचं तिकीट.

"तिचा चेहरा उतरलेला दिसला की विचारत बसू नकोस. घेऊन ये."

"अगं, ती देवाच्या कामाला चाललीये."

"देवाला बाकीच्या पुष्कळ मुली आहेत. मला एकच."

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्या आणि तिचं कार्ड पासपोर्टपेक्षा जपा. ते नसेल तर परत येताना आपलंच सरकार आपल्याला वेगळं कोंडून ठेवतं. दुसरी सूचना, सुकट नेऊ नका. कार्मेलने दोन किलो दिली होती. मुंबईहून नैरोबी, तिथून म्वांझा, असं मी ती कस्टमवाल्यांच्या नाकाखालून चोरासारखी नेली. पुढे पिकअपमध्ये चार तास लाल धूळ खाल्ली. (फुलपाड्याचे खड्डे पाहिलेल्यांना रस्ता अवघड वाटणार नाही.) गावात उतरलो तर सगळा किनारा चांदीसारखा चमकत होता. बोटभर मासे, मैलभर वाळत घातलेले. दोन किलो सुकट घेऊन मी सुकटीच्या माहेरी आलो होतो.

जेवण सोपं आहे. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला उगाली म्हणतात, आणि सोबत मासा. पहिल्या दिवशी तो गोळा वॉलपुट्टीसारखा लागतो, तिसऱ्या दिवशी आपण दुसऱ्यांदा मागतो.

दवाखाना सिस्टर मार्था चालवायच्या. त्या तिथल्याच, साठीच्या. आम्ही पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या औषधं आणायला शहरात गेल्या. मग लोक दारापर्यंत यायचे, "मार्था?" असं विचारायचे आणि ग्रेसीकडे बघून परत फिरायचे. पोरगी बँडेजच्या गुंडाळ्या उलगडायची आणि पुन्हा गुंडाळायची. मला "मामा" म्हणून हाक मारली की अंगणातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या, कारण तिकडे मामा म्हणजे आई. तीन दिवसांत आम्ही गावाला दिलेली सेवा तेवढीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला तिचा चेहरा बघवेना. अंगणात आंब्याच्या झाडाला ट्रकच्या चाकाची लोखंडी कडी टांगलेली होती, फांदीत एक दांडा खोचलेला. मी घड्याळ पाहिलं.

"ग्रेसी, बारा वाजले. भुईगावात असतो तर आत्ता आंजेलसची, दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली असती. वाजव की."

ती त्या तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. दांडा काढला आणि अगदी आपल्या चर्चसारखे टोले दिले. तीन, जरा थांबून तीन, पुन्हा तीन. आम्ही हात जोडले.

प्रार्थनेचं पहिलं वाक्य संपलं नाही तोच किंकाळी आली. शेतातून माणसं धावत सुटली. कोणाच्या हातात दोर, कोणाकडे वल्हं. सरोवरावरच्या होड्या वळल्या आणि काहींनी पाण्यातली जाळी तशीच सोडून दिली. बघता बघता सगळं गाव आमच्यासमोर धापा टाकत उभं होतं.

शाळेच्या मास्तरांना इंग्रजी येत होतं. त्यांनी विचारलं, "कोण बुडालं?"

"कोणी नाही," ग्रेसी म्हणाली.

"मग?"

"प्रार्थनेची वेळ झाली होती."

मास्तरांना हे गावाला सांगायचं होतं. ते गावाकडे वळले आणि एका दमात सांगून मोकळे झाले. बीबी रेहेमा नावाची एक म्हातारी जागच्या जागी मातीत बसली आणि काहीतरी म्हणाली. मास्तरांनी मान खाली घालून त्याचा अर्थ सांगितला. "तिचा मुलगा गेला तेव्हा ही घंटा वाजली होती."

गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाला, कासिम आजोबांना, राग आलेला दिसला नाही. त्याचीच मला भीती वाटली. त्यांनी दांडा उचलून ग्रेसीच्या हातात दिला. रिवाज असा, की खोटी घंटा वाजवणाऱ्यानेच पुढे तिची राखण करायची. रोज निघालेल्या होड्या मोजायच्या, परतलेल्या मोजायच्या. एकदा खरी घंटा वाजली की सुटका.

"पण सिस्टर पाहुण्या आहेत," मास्तर म्हणाले. "गेल्या तर कोण अडवणार? प्रश्न वेगळाच आहे. पुढच्या वेळी कडी वाजली तर लोक धावतील का?"

ती संध्याकाळ आणि दुसरी सकाळ ग्रेसी घरोघर फिरली. प्रत्येक दारात मास्तरांकडून घोकलेलं एकच वाक्य. "घंटा मी वाजवली. खोटी होती. मला क्षमा करा." मी मागे छत्री धरून. घरागणिक एकदा तरी मला म्हणता आलं असतं, की कल्पना माझी होती. छत्री मात्र मी फार सरळ धरली.

त्यानंतर दवाखान्याच्या दारापर्यंतही कोणी येईना. ग्रेसी किनाऱ्यावर होड्या मोजत बसायची. पाचव्या दिवशी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, ते तिकीट आहे ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी मम्मीची मुलगी आहे."

आठव्या दिवशी सकाळी पिकअप आला, त्यातून सिस्टर मार्था उतरल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त ग्रेसीच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या ट्रंका मागे चढल्या. वारा सकाळपासून वेड्यासारखा सुटला होता आणि होड्या लवकर परतत होत्या. दांडा आजोबांना देऊन यायला ग्रेसी निघाली आणि किनाऱ्याशीच थबकली.

"मामा, अकरा गेल्या होत्या. दहाच आल्यात."

"नीट मोज."

"तीनदा मोजल्या." तिचे ओठ पांढरे पडले होते. "आणि पुन्हा चुकले असेन तर?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. सल्ले देण्यात माझा हात धरणारा वसई तालुक्यात नाही, पण त्या वेळी मी फक्त ड्रायव्हरला थांबायचा हात केला. ती झाडाकडे धावली.

या वेळी तीन-तीन टोले नव्हते. ती नुसती बडवत सुटली. दारं उघडली. दारादारात माणसं उभी राहिली आणि उभीच राहिली. कोणी पाऊल उचलेना. ग्रेसी रडत बडवत होती. मग बीबी रेहेमा दोर घेऊन बाहेर आली. तिने ग्रेसीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, ओठांत होड्या मोजल्या. आणि जी ओरडली!

गाव धावलं. पाच होड्या वाऱ्यात लोटल्या गेल्या. ग्रेसीने पिकअपमधून औषधांची पिशवी ओढली आणि किनाऱ्याकडे पळाली. तिची ट्रंक पिकअपमध्येच राहिली होती. ती मी उतरवली. जड होती, तरी एकट्याने उतरवली.

"जायचं की नाही?" ड्रायव्हर म्हणाला. "विमान तुमच्यासाठी थांबणार नाही."

मी निघालो. त्या लाल रस्त्यावर, नैरोबीच्या बाकावर, सहार विमानतळावर उतरून भुईगावला येईपर्यंत मला ती होडी सापडली की नाही हे माहीत नव्हतं. कार्मेलने दार उघडलं, माझ्या मागे कोणी नाही हे पाहिलं आणि तिकीट घेऊन प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. भुईगावात जेवायला बसलो असताना कार्मेलने ते मोठ्याने वाचलं. होडी उलटली होती, दोघं तिला धरून तरंगत होते. दोघं वाचले. एकाचा हात मोडला होता, तो ग्रेसीचा पहिला पेशंट. शेवटी लिहिलं होतं, "आजोबा दांडा परत न्यायला आले होते. मी म्हटलं, राहू दे माझ्याकडे अजून थोडे दिवस."

कार्मेलने पत्राची घडी घातली. "आणि ती पहिली घंटा वाजवायची अक्कल कोणाची?"

ग्रेसीने पत्रात माझं नाव लिहिलं नव्हतं.

"माझी," मी म्हटलं.

ती काही बोलणार तेवढ्यात आमच्या चर्चची बाराची घंटा सुरू झाली. कार्मेल हात जोडून उभी राहिली. मी उष्ट्या हातानेच दारात गेलो आणि माडांच्या फटीतून दिसणाऱ्या होड्या मोजू लागलो. सकाळी किती गेल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं.