बेडूकवाल्या ताईंचा बारावा दगड

माझ्या थोरल्या नणंदेला आमच्या भागात सगळे ‘बेडूकवाल्या ताई’ म्हणायचे. सिमेंटचे बेडूक, कासवं, पक्ष्यांना पाणी ठेवायची पसरट भांडी असं बागेतलं सामान त्या साच्यातून काढायच्या आणि कोपऱ्यावरचा रोपवाटिकावाला ते विकायचा. बेडूक हसरा होता, त्याच्या तोंडातून पाणी यायचं. दर तिसऱ्या घराच्या कुंड्यांमध्ये तो बसलेला दिसायचा. ताईंना मात्र तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. “मी घडवला नाही त्याला, नुसता सोसला,” असं त्या म्हणायच्या.

त्यांचं खरं काम घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालायचं. ग्रॅनाइटचे करडे दगड आणि त्यातून काढलेले आकार. त्यात ना माणूस, ना जनावर. एका बाजूनं पाहिलं की कुणीतरी पाठ वाकवून बसल्यासारखं वाटायचं, दोन पावलं सरकलं की ते नाहीसं व्हायचं. “ताई, हे काय आहे?” असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, “दगड आहे.” आम्ही हसू दाबायचो.

त्यांनी लग्न केलं नाही. मी या घरात आले तेव्हा माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, छापखान्यात नोकरीला होता. आईवडिलांमागे ताईंनीच त्याला वाढवलेला. सकाळी तो बाहेर पडला की शेडमधून छिन्नीचा आवाज सुरू व्हायचा तो त्याची यायची वेळ होईपर्यंत. सत्तावीस वर्षं मी त्या आवाजावर स्वयंपाक केला, मुलीला झोपवलं, तिचा अभ्यास घेतला.

दरवर्षी ताई वाचनालयाच्या हिरवळीवर आपले दगड मांडायच्या. लोक पुस्तक बदलायला यायचे, जाताजाता त्यांच्यावर पिशवी टेकवून चपलेचा पट्टा लावायचे. आणि मग ताईंच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गावातल्या कलामंडळानं त्यांना पत्र पाठवलं. मंडळाचं दालन आणि मागची बाग, आठ दिवस, फक्त त्यांच्यासाठी. बारा कामं हवीत. ताईंनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं. अकरा दगड तयार होते. बारावा, माझ्या खांद्याएवढा उंच, शेडच्या मधोमध नुसता उभा होता. त्याला हात लावायचं धाडस त्यांना चार वर्षं झालं नव्हतं.

त्याच महिन्यात ताईंचा खोकला बळावला. जिना चढताना त्या मधल्या पायरीवर थांबायला लागल्या, आणि थांबलोय हे कळू नये म्हणून कठड्यावरची धूळ पुसायच्या. मी त्यांना ओढूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला लावला. दोन्ही फुप्फुसांवर कणी सांडल्यासारखे ठिपके होते.

“काय काम करता तुम्ही?” डॉक्टरांनी विचारलं.

“दगड कापते.”

“ही दगडाची धूळ आहे. आत जाऊन बसलीय, ती निघत नाही. जे झालंय ते मला मागे नेता येणार नाही. आजपासून दगडाला हात लावायचा नाही, एवढंच सांगू शकतो.”

“आणि नाही थांबले तर?”

“तर लवकर थांबाल,” डॉक्टर म्हणाले.

बाहेरच्या बाकावर ताई बसल्या. मग म्हणाल्या, “धाकट्याला सांगायचं नाही.”

“ताई, असं कसं? ते विचारतील.”

“दमा आहे म्हण. पाच आठवडे दे मला, प्रदर्शनापर्यंत. त्यानंतर तुम्ही मला खाटेला बांधून ठेवा.” त्यांनी माझं मनगट धरलं. तो हात म्हणजे कानसच होती. “अगं, तीस वर्षं मी बेडूक केले. एकदा तरी मला नीट उभं राहू दे.”

मी हो म्हणाले. आजही त्या ‘हो’पाशी येऊन माझं डोकं चालेनासं होतं.

मग पाच आठवडे आम्ही दोघींनी चोरी केली. नवरा कामावर गेला की शेडचं दार बंद. ताई नाकातोंडाला ओला पंचा बांधायच्या आणि मी ग्राइंडरच्या पात्यावर नळीनं पाणी सोडत राहायची, धूळ उडू नये म्हणून. तरी ती उडायचीच. दगडावरून राखाडी चिखल वाहायचा, माझ्या साडीचा काठ त्यात भिजून कडक व्हायचा. दर दहा मिनिटांनी ताई मशीन बंद करून भिंतीला टेकायच्या. श्वास आत घेताना त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. मी म्हणायची, “बास आता.” त्या बोटानं खूण करायच्या, अजून थोडं. दोनदा मी रडले आणि नळी हातातच धरून ठेवली. संध्याकाळी नवरा विचारायचा, “ताईचा दमा कसा आहे?” मी पान वाढता वाढता सांगायची, “बरा आहे.”

एक बाजू झाली. गुळगुळीत, आत वळत गेलेली, सबंध ओंजळ मावेल अशी. दुसरी बाजू तशीच खडबडीत. प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना ताईंच्या हातून ग्राइंडर निसटला आणि त्या चिखलात बसल्या त्या उठल्या नाहीत. मी त्यांना काखेत धरून घरात आणलं, अंग पुसलं, कपडे बदलले. त्या छताकडे बघत म्हणाल्या, “अकराच पाठव.”

उद्घाटनाच्या दिवशी ताईंना आम्ही खुर्चीवर बसवून दालनात नेलं. दारातच त्यांचा चेहरा उतरला. मंडळाच्या चिटणिसांनी रोपवाटिकेतून सहा बेडूक आणून प्रवेशापाशी ओळीनं मांडले होते, नळ्या जोडून, पाण्यासकट.

“लोकांना ओळखीचं काहीतरी दिसायला हवं ना, ताई,” चिटणीस म्हणाले. “नाहीतर आत कोण येणार?”

त्यांचं खरं ठरलं. लोक बेडकांपाशी थांबले, फोटो काढले, आतून एक फेरी मारून चहाकडे गेले. एका बाईंनी ताईंना विचारलं, “यात छोटा साइज मिळेल का?” ताई म्हणाल्या, “रोपवाटिकेत विचारा.” माझा नवरा त्यांच्या खुर्चीमागे उभा होता, नवीन सदरा घालून, लाजल्यासारखा.

दुपारी गर्दी सरली तेव्हा शेजारच्या खोलीत फरशी बसवणारा कारागीर हात पुसत आत आला. पन्नाशीचा असेल, भुवयांवर पांढरी भुकटी. तो पहिल्या दगडापाशी उभा राहिला, मग गुडघ्यांवर बसला आणि तळहात आतल्या वळणावरून फिरवला. असं त्यानं अकराही दगडांपाशी केलं. शेवटी ताईंसमोर आला.

“हे आतलं तुम्ही हातानं घासलंय. तिथं मशीन जात नाही.”

“हो,” ताई म्हणाल्या.

“एकेका वळणाला महिना गेला असेल.”

“दीड.” ताई हसल्या. त्या दिवसातलं ते एकच हसू. आणि हसताहसता त्यांना खोकला आला, थांबेना. कारागीर बघत राहिला. त्या खोकल्याची त्याला ओळख असावी, कारण तो हळूच म्हणाला, “बाई, तुमच्याही आत धूळ बसली का? आमच्यातले दोघं गेले यानं. माझा मेव्हणा तर चाळिशीचाही नव्हता. काम कधी बंद केलंत?”

“चार दिवसांपूर्वी,” ताई म्हणाल्या.

माझ्या नवऱ्यानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“दमा आहे ना हा?” त्यानं विचारलं.

मी ताईंच्या पाठीवर हात फिरवत राहिले. तो बाहेर गेला आणि मागच्या बागेत पाठमोरा उभा राहिला. घरी आल्यावर त्यानं एवढंच विचारलं, “तुला केव्हापासून माहीत होतं?” मी सांगितलं. त्यानं अंथरूण उचलून ताईंच्या खोलीत नेलं. पुढचे कितीतरी महिने तो माझ्याशी औषधांच्या वेळांपुरतंच बोलला.

प्रदर्शनातला एकही दगड कुणी मागितला नाही. मंडळाच्या बागेत एक तरी राहू द्या, असं मी स्वतः जाऊन विचारलं. चिटणीस अवघडले. मुलं आपटतील म्हणाले. टेम्पोतून अकरा दगड परत आले आणि मागच्या अंगणात जागा मिळेल तिथं उभे राहिले.

ताई चौदा महिने जगल्या. शेवटी शेवटी प्राणवायूची नळी काढून चार घासही खाता येत नव्हते. मी एकदा म्हटलं, “मी पाणी लावून पॉलिशपेपरनं घासू का तो बारावा? तुम्ही सांगा, तसं करते.” त्यांनी मान हलवली. “नको. तुझी फुप्फुसं तुझ्या लेकीला लागतील.” त्यांना माझा राग नव्हता. ते मला जास्त जड गेलं.

त्या गेल्या एका सकाळी, भाऊ उशाशी असताना. दिवसकार्य झाल्यावर मी शेड झाडायला घेतली. नवरा दाराशी येऊन थांबला, बाराव्या दगडाकडे बघत. मग कित्येक महिन्यांनी तो माझ्याशी आपण होऊन बोलला.

“तिनं तुला सोबत घेतलं. मला का नाही?”

मी झाडू खाली ठेवला. “तुम्ही थांबवलं असतं त्यांना.”

“हो,” तो म्हणाला. “थांबवलं असतं.”

तो तिथंच उंबऱ्यावर बसला. थोड्या वेळानं मीही बसले, मध्ये हातभर जागा सोडून.