आईला बसवल्याशिवाय गाडी जात नाही

श्री. दिनकरराव सावंत यांच्याविषयी लिहायला बसले की मला आठवतात ते त्यांनी दिलेले धक्के. गौरवलेखाची सुरुवात अशी करू नये हे मला कळते. पण अकरा वर्षे त्यांच्या हाताखाली काढूनही पुढच्या क्षणी ते काय करतील हे मला एकदाही सांगता आलेले नाही.

पहिला धक्का पहिल्याच भेटीत बसला. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी जयेंद्रगंजातल्या त्यांच्या गॅरेजमध्ये काम मागायला गेले. मुलगी गॅरेजमध्ये काय करणार, हा प्रश्न मी ग्वाल्हेरभर ऐकला होता आणि त्याचे उत्तर पाठ करून आले होते. दिनकररावांनी तो विचारलाच नाही. त्यांनी विचारले, "घरी वडीलधारं कोण आहे?"

"आई," मी म्हटले.

"तब्येत कशी आहे?"

"कंबर दुखते तिची."

"मग ठीक. उद्यापासून ये."

माणूस तऱ्हेवाईक दिसतो, असे मी घरी येऊन आईला सांगितले. तिसऱ्या दिवशी पाहते तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरायला एक मधली पायरी नव्याने वेल्ड केलेली. माझ्या उंचीला जुन्या पायऱ्या लांब पडत होत्या. ती कोणी बसवली, हे मला कोणीही सांगितले नाही.

आईच्या चौकशीचा अर्थ पुढे कळला. या गॅरेजचा रिवाज असा, की ज्याने गाडीच्या खालच्या भागाचे काम केले, त्याच्या घरच्या वडीलधाऱ्या माणसाला त्या गाडीत बसवून दिनकरराव स्वतः फूलबागेपर्यंत फेरी मारून आणतात आणि वाटेतला एकही खड्डा चुकवत नाहीत. त्यानंतरच गाडी मालकाच्या ताब्यात जाते.

तीन वर्षांपूर्वी सिटी सेंटरमधल्या एका तरुणाने आपली दोन दारांची स्पोर्ट्‌स कार आणली. वेगात वळण घेतले की मागचा भाग क्षणभर उशिराने वळतो, अशी त्याची तक्रार होती. अशा गाडीची मागची चाके एका लोखंडी चौकटीला जोडलेली असतात, तिला सबफ्रेम म्हणतात. ती चार जाड रबरी बुशांवर, म्हणजे दणका झेलणाऱ्या कड्यांवर, बॉडीला बसवलेली असते. रबर थकले की चौकट बाजूला सरकते. ती घट्ट करायची, पण आत बसणाऱ्याचा आराम जाऊ द्यायचा नाही, एवढेच काम. हे माझे पहिले स्वतंत्र काम होते. ते पसंत पडले तर अशी सगळी कामे माझ्या जबाबदारीवर, असे दिनकररावांनी सर्वांदेखत सांगून ठेवले होते. मी चारही रबरी बुश काढून भरीव ॲल्युमिनियमचे बसवले. चौकट बॉडीला मिळते तिथे पत्रे वेल्ड करून मजबुती दिली. वळणावर गाडी तसूभरही हलेना. मालक खूश आणि मी तर हवेत होते.

फेरीहून परतल्यावर आई हसत उतरली. "खूप बढिया गाडी आहे गं, मला तर काही पताच नाही चाललं," ती म्हणाली. मी किल्लीसाठी हात पुढे केला. दिनकररावांनी ती स्वतःच्या खिशात टाकली.

"गाडी आज नाही जाणार."

मालक चिडला. "अंकल, आंटीजी को ठीक लगी, मुझे ठीक लगी, तो दिक्कत क्या है?"

"बेटा, आंटीजी इसकी माँ हैं," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तिचा हात बघ."

आईच्या डाव्या तळव्यावर दाराच्या मुठीचा लाल वळ उठला होता. वाटभर ती त्या मुठीवर भार तोलून बसली होती. आई माझ्याशी खोटे बोलली याचा धक्का मोठा, की चारचौघांत माझे काम नापास झाले याचा, हे मला कळेना. मग राग आला. "असंच असेल तर मी उद्यापासून येणार नाही," मी म्हटले.

"उद्याचं उद्या पाहू. आज ते बुश काढ."

मी काढले. नव्या रबरी बुशांच्या बाजूच्या पोकळ्यांत आम्ही कडक गुटके भरले आणि वर-खाली रबर मोकळे ठेवले. चौकट आडवी सरकेना आणि खड्ड्याचा दणका रबरातच जिरू लागला. माझे वेल्डिंगही ते उखडतील अशी माझी खात्री होती. सत्तरी ओलांडलेले दिनकरराव पाठीवर झोपून गाडीखाली सरकले, बॅटरीच्या उजेडात बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हे माझ्यापेक्षा चांगलं झालंय. राहू दे."

दुसऱ्या फेरीनंतर आई कुरकुरतच उतरली. "सीट किती खाली आहे हो, उठायला काय क्रेन बोलवायची?"

"आता खरं बोलल्या," असे म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

त्या संध्याकाळी चहा घेताना मी विचारले, आईवडील मुलांचे मन राखणारच, मग त्यांनाच का बसवता? मालकाची आई खरे सांगेल.

ते म्हणाले, "तरुणपणी मी माझी गाडी अशीच कडक केली होती. फार गर्व होता तिचा. ऑपरेशननंतर बाबांना आग्र्याहून तिच्यातून आणलं. वाटेत तीनदा विचारलं, कशी आहे गाडी? तिन्ही वेळा म्हणाले, झकास. घरी उतरवलं तर सदरा रक्ताने भिजलेला. टाके उसवले होते." मग म्हणाले, "परक्याला दुखलं तर आपण कारणं देतो. आपल्या माणसाला दुखलं की बुश काढतो."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला कामावर हजर झाले.

आता गुडघ्यांमुळे दिनकरराव गाडीखाली जात नाहीत, बाकावर बसून पाहतात. गेल्या काही महिन्यांत माझ्या प्रत्येक कामाला ते "झकास" म्हणाले आहेत. एकदाही नाव ठेवलेले नाही. इतक्या वर्षांत एवढा मोठा धक्का त्यांनी मला दिला नव्हता.

दिनकरराव, पंच्याहत्तरी झाली, आता शंभरी गाठा आणि ठणठणीत राहा. आणि आमच्या कामाने आपल्याला कुठे दुखले, तर कृपा करून आमचे मन राखू नका.