सेनापतींचे लढाईचे पिक्चर

मोखाडा-जव्हार जीप चालवणारे सेनापती चार वर्षांत मला एकदाही स्वस्थ उभे राहिलेले दिसले नाहीत. जीप भरल्याशिवाय निघायचं नाही, हा त्या लाइनीचा नियम. आणि थांबणं हे एकच काम या माणसाला जमत नव्हतं. टायरला लाथ मार, बॉनेट उघड, बंद कर, काच पूस, पुसलेली काच पुन्हा पूस, पाच पावलं जाऊन "जव्हार, जव्हार, जव्हाऽर" ओरडून ये. बघणाऱ्यालाच धाप लागायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, जरा टेका की कुठंतरी!" तर म्हणाले, "टेकला की डोक्यात येतं, मॅडम." काय येतं ते काही तेव्हा बोलले नाहीत.

मी मोखाड्याला पंचायत समितीत होते आणि राहायला जव्हारला. त्यामुळे रोज संध्याकाळी त्यांची जीप ठरलेली. सेनापती हे नाव प्रवाशांनी ठेवलेलं, त्यांच्या लढाईच्या पिक्चरांपायी. जीप भरेपर्यंत स्टिअरिंगसमोर मोबाइल लावायचा आणि घोडे, तलवारी, धुरळा सुरू. पिक्चरचं खरं नाव त्यांना एकाचंही येत नसे. एक पुलावरचा, एक दलदलीचा, एक तीन बुरुजांचा. कुठला भारी यावर रोज जीपमध्ये तट पडायचे, बाजाराला आलेल्या बायकासुद्धा पाटी मांडीवर घेऊन भांडायच्या, आणि शेवटचा निकाल सेनापतींचा. आवडला नाही की एकच शब्द, "बाद."

आता मी नाशिकची. असले पिक्चर पहिल्या दिवशी, पहिल्या रांगेत बघून वाढलेली. मला कोण शिकवणार? मी पुलावरच्याच्या बाजूने. त्यात नायक एकटा पूल अडवून धरतो आणि शेवटी असा घाव घालतो की समोरचा भालेवाला थेट नदीत जातो. काय ते संगीत, काय ती उडी! मी अगदी रंगात येऊन सांगत होते आणि हे आपले स्टेपनीचा नट चाचपत होते. "बाद," म्हणाले.

"का हो बाद?"

"चार दिस डोंगर चढून आलेला माणूस, नि त्याच्या पायातला पायताण कोरा? लढायच्या आधी कोण भाकर खाताना दिसला का तुम्हाला? उपाशी पोटी लढतात? नि राजा बोलतो बोलतो बोलतो, मागं फौज उभी हाय, तिचा तोंडच दाखवत नाय. बाद."

माझा असा संताप झाला! एवढ्या खर्चाचा, एवढ्या मेहनतीचा पिक्चर, आणि हा माणूस त्याला वहाणेवरून बाद करतो. त्यात भर म्हणजे शत्रूची फौज पडद्यावर आली रे आली की मोबाइल माझ्या हातात कोंबायचा आणि गिऱ्हाईक ओरडायला पळायचं. मी म्हणायची, अर्धा पिक्चर तर तुम्ही बघतच नाही, निकाल कसला देता?

जव्हारजवळच्या शिरपामाळलाही त्यांचं हेच. एकदा मुंबईची मंडळी फिरायला आली होती, जीपमध्ये मीही होते. शिवाजी महाराज सुरतेला जाताना इथं थांबले होते, एवढं ऐकून मंडळी फोटो काढायला लागली. सेनापती मागेपुढे येरझारा घालत होते. अचानक म्हणाले, "महाराज एकटे आले व्हते का? मागं फौज व्हती. त्यातल्या एकाचा तरी नाव सांगा." मला वाटलं, स्वारीचं डोकं फिरलंय आज.

मग एका संध्याकाळी घाटात टायर बसला. हाताला काम असलं की हा माणूस बरा बोलायचा. नट आवळता आवळता त्यांनी मला सगळं सांगितलं. धाकटा भाऊ सोमा ठाण्याकडे बिगारीकामाला गेलेला. तिथून मुकादमाने बऱ्याच जणांना ट्रकमध्ये घालून कुठल्याशा शूटिंगला नेलं. सोमाचा घरी फोन आला, "दादा, मी फौजेत उभा हाय. पिक्चर आला की बघ." कुठला पिक्चर, कसला, त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. त्याच पावसाळ्यात तिकडेच तो तापाने गेला. त्याचा मोबाइलही हाती आला नाही. घरात फोटो म्हणाल तर एक आधार कार्डावरचा. तो आईपुढे धरला तर म्हातारीने ढकलून दिला, "ह्यो कोण? माझा सोमा काय भुतासारखा दिसायचा?"

"आईला त्याचा तोंड बघायचाय," सेनापती म्हणाले. "डोळ्यांवर पडदा येतोय तिच्या. पार आंधळी व्हायच्या आधी दाखवायला पायजे." नट आवळून झाला तरी ते आवळतच होते.

मला माझीच लाज वाटली. मी बापडी ढाल-तलवारीवरून वाद घालत होते आणि हा माणूस त्या गर्दीत भाऊ शोधत होता. "कसा दिसायचा हो?" मी विचारलं. "माझ्यासारखा नाय," ते म्हणाले. "चांगला दिसायचा."

त्या दिवसापासून मीही कामाला लागले. माहेरी नाशिकला गेले की जुने-नवे सगळे पिक्चर काढून बसायचं. नायक कुठे जातोय इकडे लक्षच नाही, नजर मागच्या रांगेवर. सोमवारी येऊन वर्दी द्यायची, "सेनापती, दलदलीच्यात झाडाजवळ एक आहे बघा." ते संध्याकाळपर्यंत दहा वेळा मागेपुढे करून बघायचे. "नाय मॅडम. ह्याचा नाक बघा की." माझ्याही जिवाला असा घोर लागला होता की रात्री भाजी चिरतानासुद्धा डोळ्यांपुढे पागोटीच पागोटी. सोमा आपल्याच, म्हणजे नायकाच्या फौजेत असणार, हे आम्ही दोघंही धरून चाललो होतो. दुसरं काही सुचलंच नाही.

मधल्या काळात म्हातारीच्या मोतीबिंदूचं शिबिरात ऑपरेशन झालं. आता डोळे होते, दाखवायला तोंड नव्हतं. सेनापती आणखीच सैरभैर झाले. मोखाड्याच्या एका बाजाराच्या दिवशी ते आईला गावाहून, पोशेऱ्याहून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी जव्हारला डोळे तपासायचे होते, रात्री ती तिथं लेकीकडे राहणार होती. काळा चष्मा लावून म्हातारी पुढच्या सीटवर बसली, शेजारी मी. जीप भरायला अवकाश होता. पिक्चर ही काय चीज असते ते तिने आजवर बघितलंच नव्हतं. सेनापतींनी मुद्दाम पुलावरचा लावला. "आधी वाईट दाखवतो, मग चांगला," मला म्हणाले.

शत्रूची छावणी आली. मोबाइल माझ्या हातात, सेनापती ओरडायला पसार. मी मोबाइल म्हातारीपुढे धरला. तिने चष्मा काढला आणि माझं मनगट पकडलं.

"थांबीव. ह्यो सोमा."

"आजी, ती शत्रूची माणसं आहेत," मी म्हटलं. अशी कशी बोलले मी, देव जाणे.

"कुणाची का असंनात. ह्यो माझा हाय. दाढी लावलीय माकडाने. मोळी आणताना असाच डावा खांदा पाडून उभा राहायचा, किती डाव सांगितला सरळ उभा रहा म्हणून." मी पिक्चर थांबवला. तिने पदराने मोबाइलची काच पुसली. दाढी चिकटवलेला, भाला धरलेला तो पोरगा शेजारच्याकडे बघून हसत होता. त्याला तिथं हसायला सांगितलेलं नसणार. खरंच, चांगला दिसायचा.

मी हाक मारली. सेनापती आले, वाकून बघितलं, जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि परत येऊन बघितलं. "सोम्या रे," एवढंच म्हणाले. मला रडू आवरेना. तेवढ्यात म्हातारीचं बोट काचेला लागलं आणि पिक्चर पुढे सरकला. पूल आला, नायक आला, आणि भाला घेऊन सगळ्यांच्या पुढे धावत निघालेला सोमाच होता. सेनापतींनी झटकन मोबाइल ओढून घेतला.

"पुढं काय हाय?" म्हातारीने विचारलं.

"पुढं काय नाय, आये. संपला."

जीपमधल्या निम्म्या लोकांनी तो पिक्चर पाहिलेला होता. कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. शेवटच्या दिवशी सेनापतींनी माझ्या दोन बॅगा वर टाकून दोरी बांधली. मी विचारलं, "मग सेनापती, आता एक नंबर कुठला?"

"पुलावरचा," ते म्हणाले. "पण छावणीपर्यंतच. आईला रोज सांजेला तेवढाच दावतो."

मला राहवेना. इतके महिने पोटात ठेवलेलं ओठावर आलं. "माफ करा मला. त्या घावाला मी थिएटरात उठून टाळ्या वाजवल्या होत्या."

त्यांनी बांधलेली दोरी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"मी शिट्टी मारलीय, मॅडम," ते म्हणाले. "तीन डाव बघलाय नाशिकला. तिन्ही डाव मारली."